डोंगरावरची मध्ययुगीन वस्ती : मनोरा का पडला आणि भिंती कशा दुरुस्त करायच्या?

(पडवी, घडीव आणि चुनाभट्टी ही या चर्चेतल्या तिघांची नावं.)

पडवी (प्रश्न)
इटलीच्या अब्रुत्सोमधल्या सान्तो स्तेफानो दि सेसानिओ गावाचा गोल मनोरा ६ एप्रिल २००९ च्या लाक्विला भूकंपात कोसळला. आजूबाजूच्या बऱ्याच घरांना तडे गेले, पण ती उभी राहिली. दगड सगळीकडे तोच, चुनखडीचा. मग फरक कशामुळे? आणि अशा जुन्या भिंती आज नेमक्या कशा दुरुस्त करतात?

घडीव
गाव साधारण १२५० मीटर उंचीवर आहे. १५७९ मध्ये फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याने ते पिक्कोलोमिनी घराण्याकडून घेतलं, ते लोकरीसाठी. उन्हाळ्यात मेंढ्यांचे कळप ग्रान सासो पर्वताच्या कुरणांवर असत आणि हिवाळ्यात पुलियाच्या मैदानात उतरत. गावाला वेगळा तट नाही, कडेच्या घरांच्या भिंती हाच तट. घरं एकमेकांना खेटून असल्यामुळे शेजारच्या भिंतीचा आधार मिळतो.
मनोरा मात्र एकटा आणि उंच. त्यात विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत माथ्यावर काँक्रीटचा स्लॅब आला. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात लागतो; वजन जितकं वर, तितका खालच्या भिंतीवर ताण जास्त. त्यातून ताठ स्लॅब आणि ठिसूळ दगडकाम एकत्र हलत नाहीत. २०२१ मध्ये मनोरा पुन्हा उभा राहिला.

चुनाभट्टी
भिंतींबद्दल. अशी भिंत म्हणजे बाहेरचा थर, आतला थर आणि मध्ये दगडगोट्यांचा भराव. पाणी भरावात शिरलं की चुना धुपतो, पोकळी होते आणि बाहेरचा थर पोट काढतो. म्हणून आधी छप्पर आणि पन्हळी नीट करा, मगच भिंतीला हात लावा.
दरजांमधलं (दगडांमधल्या सांध्यांतलं) सिमेंट हाताच्या छिन्नीने काढा. ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात. दरज रुंदीच्या निदान दुप्पट खोल मोकळी करा, धूळ काढा, पाणी मारा. मसाला १ भाग हायड्रॉलिक चुना (पाण्यातही घट्ट होणारा, ३.५ प्रतीचा) आणि अडीच भाग खरखरीत, लहानमोठ्या दाण्यांची वाळू. भरल्यावर ओलं गोणपाट किमान आठवडाभर ठेवा. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवा. इतक्या उंचीवर थंडीत पाणी गोठण्याआधी चुना पुरेसा घट्ट झाला नाही, तर थर सुटून पडतो.
सिमेंटने दरजा बुजवल्या की ओलावा दगडातूनच बाहेर पडतो. मग क्षार आणि बर्फ दगडाचीच साल काढतात.

पडवी
पोट काढलेल्या भिंतीत थेट ग्राउट (पोकळी भरणारा पातळ मसाला) भरलं तर?

चुनाभट्टी
आधी दरजा भरून घ्या, नाहीतर ग्राउट बाहेर गळतं. चुन्याचंच पातळ ग्राउट, भिंतीत पाडलेल्या भोकांतून, खालच्या भोकापासून वर, अगदी कमी दाबाने. दाब वाढला की फुगलेला थर ढासळतो. वरच्या भोकातून ग्राउट दिसलं की खालचं बंद करून पुढे जा. फुगवटा फार असेल तर तेवढा भाग टेकू देऊन उतरवा आणि दोन्ही थर जोडणारे आरपार दगड घालून पुन्हा रचा.

घडीव
समोरासमोरच्या भिंती मजल्याच्या पातळीवर लोखंडी टाय-रॉडने (दोन भिंती बांधून ठेवणाऱ्या सळईने) बांधा आणि बाहेर प्लेट बसवा. नट ताण येईपर्यंतच आवळा, जास्त आवळल्यास प्लेटखालचा दगड चिरडतो. जुन्या तुळया ठेवता येत असतील तर ठेवाच. फक्त भिंतीतल्या टोकांभोवती हवेला जागा सोडा, सडायला सुरुवात तिथूनच होते.