स्टँड-अप कॉमेडीचा प्रयोग कागदावर उतरवायचा कसा?

प्रश्न :
मी मराठी विषयात एम.ए. करत असून लघुप्रबंधासाठी मराठी स्टँड-अप कॉमेडी हा विषय घेतला आहे. एका कलाकाराच्या तीन प्रयोगांचे ध्वनिमुद्रण त्यांच्या परवानगीने करून शब्द न् शब्द उतरवून काढला. परंतु ज्या वाक्याला सभागृह दणाणून गेले होते, तेच वाक्य कागदावर अगदी सपाट वाटते. मग विश्लेषण नेमके कशाचे करावे?

उत्तर १ :
संहिता सपाट झाली, कारण तुम्ही संभाषणाची एकच बाजू उतरवली आहे. संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांनी रूढ केलेल्या लेखनपद्धतीत विराम सेकंदाच्या दशांशापर्यंत मोजून कंसात लिहितात आणि हशाही बोलण्याइतक्याच काटेकोरपणे नोंदवतात. समजा, वाक्य असे आहे : ‘बाबा म्हणाले, (०.९) विचार करून सांगतो.’ त्या विरामातच हसू फुटले, तर प्रेक्षकांनी पुढचे शब्द आधीच ओळखले, कारण तसे बाबा त्यांच्याही घरी आहेत. हसू ‘सांगतो’नंतर फुटले, तर तो अपेक्षाभंग. शब्द तेच, विनोद मात्र दोन वेगळे. माझ्या मते तुमच्या लघुप्रबंधाचा खरा विषय इथेच आहे.

उत्तर २ :
कलाकाराची टिपणेही अवश्य मागून घ्या. इंग्लंडमधील केंट विद्यापीठात २०१३ साली ब्रिटिश स्टँड-अपचा संग्रह सुरू झाला, तो लिंडा स्मिथ या दिवंगत विनोदकर्तीच्या कागदपत्रांपासून. तेथे हा विषय शिकवणारे ऑलिव्हर डबल स्वतः रंगमंचावर स्टँड-अप करत आले आहेत. आपल्याकडेही प्रा. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत आणि एकपात्री प्रयोगही करत. तेव्हा हा विषय विद्यापीठात शोभत नाही, असे कोणी म्हटल्यास मुळीच खचू नका.

उत्तर ३ :
हशाची प्रत नोंदवताना भरताचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित हे सहा भेद वापरण्याचा मोह होईल. मात्र नाट्यशास्त्रात ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींशी, म्हणजे पात्रांच्या दर्जाशी, जोडलेले आहेत, त्यामुळे प्रेक्षागृहातील आवाज मोजण्याची पट्टी म्हणून ते जसेच्या तसे उचलू नयेत.

प्रश्नकर्ता :
तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री एकच विनोद तिन्ही ध्वनिमुद्रणांत पुन्हा ऐकला. दोन प्रयोगांत हसू विरामातच फुटले आहे. तिसऱ्यात कलाकार थांबलेलेच नाहीत आणि तिथे हशाही नाही. आता सगळे नव्याने उतरवायला घेतो आहे.