केव्ह डायव्हिंगचा (पाण्यानं भरलेल्या गुहेत उतरायचा) कोर्स झाल्या झाल्या कॅमेरा घेऊन गुहेत शिरावं का? माझं मत : नाही

धंतोलीकर :
भाचा मेक्सिकोत जाऊन फुल केव्हचा, म्हणजे गुहेत खोलवर जायचा, कोर्स करून आला, खूप अभिमान वाटला, कारण तारकर्लीला त्याला पहिल्यांदा पाण्याखाली मीच नेलं होतं. आता डिसेंबरात परत तुलुमला चालला आणि यावेळी हाउसिंग (कॅमेऱ्याची पाणी न शिरणारी पेटी), डोम पोर्ट (तिची पुढची गोल काच), दोन स्ट्रोब (फ्लॅश) असं सगळं सोबत नेणार म्हणतो. रविवारी जेवताना यावरून आमचं चांगलंच वाजलं, म्हणून इथं मांडतो.

माझं म्हणणं एवढंच की गुहेत शंभरेक डाइव्ह बिनकॅमेऱ्याच्या झाल्याशिवाय कॅमेरा हातात घेऊ नये. हे मी पुस्तक वाचून नाही बोलून राहिलो. कामासाठी दोन वर्षं फ्लोरिडात होतो, तिथल्या झऱ्यांमध्ये केव्हचं ट्रेनिंग घेतलं. पाणी बारा महिने २२ डिग्री आणि इतकं स्वच्छ की समोरचा माणूस हवेत तरंगतोय असं वाटतं. पहिल्यांदा कॅमेरा नेला त्या दिवशी आमचं ठरलं होतं, २०० बार दाबाचे हवेचे टँक, तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, तिसरा राखीव, म्हणजे साधारण १४० ला मागे फिरायचं. मी फ्रेम लावत बसलो, पार्टनरला खुणेनं थोडं डावीकडे थोडं वर असं करत राहिलो आणि गेज, म्हणजे हवेचा काटा, पाहिला तेव्हा १२०. वळायला गेलो तर मागे नुसता गाळ, माझ्याच पायातल्या फिननं उठवलेला, बाहेरची वाट दाखवणारी दोरी, म्हणजे लाइन, दिसेना. पार्टनरनं लाइट हलवत ठेवला म्हणून त्याच्यापर्यंत आलो, मग दोघं लाइन मुठीत धरून चाचपडत बाहेर. रात्री कार्ड पाहिलं, ११ फोटो. सगळ्या फोटोंत पार्टनर लाइनजवळच आहे. लाइन सोडून लांब गेलेला माणूस एकाही फोटोत नाही, कारण तो मी होतो.

टेलीलेन्स_नागपूर :
दादा, हे लिहिलं ते फार बरं केलं, पण निष्कर्ष पटला नाही. गेज पाहायचं राहिलं आणि लाइन सोडली, ही चूक प्लॅनची आहे, कॅमेऱ्याची नाही. मी मूळचा ताडोबावाला, पण कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला हाउसिंग घेऊन उतरलोय आणि गुहेत फोटो काढणाऱ्यांचं काम बरीच वर्षं बारकाईनं पाहतो. तो एकट्याचा कारभार नसतोच. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ मारला की पाण्यातला कण न् कण पांढरा चमकतो आणि फोटो खराब होतो, म्हणून फ्लॅश मॉडेलच्या, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या डायव्हरच्या, टँकवर मागच्या बाजूला बांधतात, तिकडून उजेड आला की गुहेचा आकार उठून दिसतो. आणि वेळ कमी असतो, कारण सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे छताला लागले की वरून माती झरायला लागते, दोन-तीन फ्रेममध्ये काम उरकावं लागतं. त्यामुळे हे लोक आधी कागदावर चित्र काढतात, कोण कुठं थांबणार ते ठरवतात, मग उतरतात. रमतगमत शिरणाऱ्यापेक्षा हा माणूस जास्त शिस्तीत असतो असं माझं मत.

आणि फोटो नसते तर आपल्याला काय कळलं असतं? मेक्सिकोच्या युकातानमध्ये होयो नेग्रो नावाची बुडालेली खोल विहिरीसारखी जागा आहे, २००७ मध्ये डायव्हर तिथं पोचले, तळाशी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा सांगाडा, जवळपास १२-१३ हजार वर्षांपूर्वीचा, तिला नाइया नाव दिलं. अशा जागी शास्त्रज्ञ रोज उतरू शकत नाहीत, डायव्हरांनी काढलेल्या फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल करून अभ्यास होतो. कॅमेरा नको म्हणणं म्हणजे हे सगळं अंधारातच राहू द्या म्हणणं.

पोहणं_शिकवते :
टेलीलेन्स भाऊ, शिस्त येते हे मान्य, पण कोणाला येते? मी २० वर्षं मुलांना पोहायला शिकवते. मस्त तरंगणारं पोरगं असतं, त्याच्या हातात फक्त एक बॉल द्या, बघा पाय खाली जातात की नाही. त्याला पोहता येत नाही असं नाही, लक्ष बॉलमध्ये गेलं एवढंच. गुहेत पाय खाली गेले की गाळ उठतो.

दुसरं, तुम्ही फोटोग्राफर लोक क्लिक करताना श्वास धरता. जंगलात ती चांगली सवय आहे, हात हलत नाही. स्कूबात पहिल्याच दिवशी शिकवतात की श्वास कधी धरायचा नाही, फुप्फुसाला धोका असतो, शिवाय हवा भरून थांबलात की शरीर आपोआप वर जातं आणि गुहेत वर छत असतं. वर्षानुवर्षांची बोटांची न् छातीची सवय एका कोर्समध्ये जात नाही हो. आणि २०१७ च्या जुलैमधलं वेणा धरण नागपूरकर विसरले का? नाव उलटायच्या थोडं आधी पोरं फेसबुकवर लाइव्ह होती. त्यातली किती घरी आलीच नाहीत. मी त्या पोरांना दोष देत नाही, पण स्क्रीनकडे पाहणारा माणूस पाण्याकडे पाहत नसतो, हे मला त्या दिवसानंतर कोणी वेगळं समजावून सांगू शकत नाही.

टेलीलेन्स_नागपूर :
ताई, वेणाचं दुःख मलाही आहे, त्यातल्या एका मुलाच्या घरी मी जाऊन आलोय. पण पावसाळ्यात नावेत बसलेली पोरं आणि दोन बॅकअप लाइट धरून तीन लाइट घेऊन, ट्रेनिंग करून, लाइन टाकत जाणारा माणूस यांना एका तराजूत घालू नका. श्वासाचा मुद्दा मात्र मी असा कधी विचारात घेतला नव्हता, तो मान्य.

भूजल_माणूस :
मी भूजलाच्या कामात आहे म्हणून वेगळ्या बाजूनं लिहितो. फ्लोरिडाच्या कित्येक झऱ्यांत खतांमधलं नायट्रेट वाढलंय आणि शेवाळ माजलंय, हे आकड्यात सांगितलं तर लोक ऐकत नाहीत, एकाच जागेचे जुने-नवे फोटो शेजारी ठेवले की गप्प होतात. वेस स्काइल्स हा तिथलाच केव्ह डायव्हर आणि फोटोग्राफर, त्यानं आयुष्यभर हेच केलं, लोकांच्या पायाखालून पाणी कसं वाहतं ते त्यांना दाखवलं. म्हणून मी कॅमेऱ्याच्या बाजूचा.

पण नवख्याच्या हातातल्या कॅमेऱ्याची मला वेगळीच भीती वाटते, ती गुहेसाठी. मेक्सिकोच्या सेनोटेमध्ये (चुनखडीतल्या पाण्यानं भरलेल्या खड्ड्या-गुहांमध्ये) जे लवणस्तंभ दिसतात ते पाण्यात नाही बनले, हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली होता तेव्हा गुहा कोरड्या होत्या आणि थेंब थेंब पडून ते तयार झाले. आता गुहा भरलेली आहे, थेंब पडणं बंद. स्ट्रोबचा आर्म (फ्लॅश धरणारी दांडी) लागून एक कांडी तुटली तर ती परत वाढणार नाही. बस्तरला कुटुमसरला गेलो होतो, कोरडी गुहा, तिथं लोकांनी हात लावून लावून दगड काळे केलेत, पाहून जीव तुटतो. पाण्यातल्या गुहेत तर हात लावायची पण गरज नाही, हाताच्या पुढं दीड-दोन फूट सामान निघालेलं असतं आणि पाण्यात सगळी वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते, अंदाज चुकतोच.

धंतोलीकर :
भूजलभाऊ अगदी बरोबर, आर्मचं माझ्या लक्षात नव्हतं आलं.

टेलीलेन्स, शिस्तीचं तुम्ही म्हणता ते मुरलेल्या लोकांचं खरं आहे. मी नवख्याबद्दल बोलतोय. फ्लोरिडात काही झऱ्यांवर एक नियम आहे, ज्याच्याकडे केव्हचं ट्रेनिंग नाही त्यानं पाण्यात लाइट न्यायचाच नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उलटं वाटलं, अंधारात लाइट नको? मग इन्स्ट्रक्टरनं समजावलं की लाइट नसला तर माणूस उजेड संपला तिथून मागे फिरतो, लाइट असला की अजून थोडं पुढं जाऊ म्हणतो. तोंडाशीच पाटी असते, मृत्यूच्या सांगाड्याचं चित्र आणि त्यावर लिहिलेलं की या गुहेत जीव देण्याइतकं काही नाही. आता सांगा, कॅमेरा काय करतो? अजून एक फ्रेम, अजून त्या खांबापर्यंत. गुहेत काहीतरी आहे ज्यासाठी थोडं थांबावं असं तो दर मिनिटाला सांगत राहतो. फ्लोरिडाचा केव्ह डायव्हर शेक एक्सली, त्यानं १९७० च्या दशकात अपघात तपासून नियम बसवले, लाइन सोडू नका, हवेचा तिसरा हिस्सा राखा, झेपेल त्यापेक्षा खोल जाऊ नका. माझ्या त्या एका डाइव्हमध्ये मी त्यातले पहिले दोन मोडले, तेही पंधरा मिनिटांत, तेही सगळे नियम तोंडपाठ असताना.

टेलीलेन्स_नागपूर :
दादा, लाइटचा नियम ट्रेनिंग नसलेल्यांसाठी आहे, तुमच्या भाच्याचं ट्रेनिंग झालंय. आणि शंभर हा आकडा आणला कुठून? एखादा नागपूरहून वर्षाला एक ट्रिप करतो, दहा-बारा डाइव्ह. शंभर व्हायला दहा वर्षं लागतील. दहा वर्षं थांब म्हणणं म्हणजे करूच नको म्हणणं आहे, सरळ तसं म्हणा.

पोहणं_शिकवते :
आकड्याचं टेलीलेन्सचं बरोबर आहे. मी म्हणेन डाइव्ह मोजू नका, पायऱ्या करा. आधी इथं पूलमध्ये हाउसिंग घेऊन तासभर एका जागी तरंगून दाखव, तळापासून वीतभर वर, पाय न हलवता. मग सेनोटेच्या तोंडाशी, जिथं वरून ऊन येतं तिथं. तिथले उन्हाचे पट्टे मी फोटोत पाहिलेत, त्यासाठी आत जायची गरजच काय?

मानेवाड्याची_आई :
दादा, मी इथं कधी लिहीत नाही, पण रविवारपासून मला झोप नाही. तुझ्या भाच्याच्या खोलीत भिंतीवर त्या गुहांचे फोटो लावलेत, मी झाडताना रोज पाहते, सुंदर आहेत, त्याला काऊन जावंसं वाटतं ते मला समजतं. मला टँक, बार काही समजत नाही. फक्त एक सांगा सगळ्यांनी मिळून, तो फोटो काढत असताना त्याच्या हवेच्या काट्याकडे कोण पाहणार?

टेलीलेन्स_नागपूर :
ताई, तो स्वतः आणि त्याचा पार्टनर, दोघंही. खरं सांगतो, पार्टनर नवखा असेल तर मी पण हो म्हणणार नाही. आणि कॅमेरा असेल तर १४० ला नाही, १६० ला फिरा. पण मूळ मुद्द्यावर माझं मत बदललेलं नाही.

संत्रानगरीतला :
आई, मामा, सगळं वाचलं. मामा, ती ११ फोटोंची गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली नव्हती. कोर्समध्ये आमच्याकडून डोळे बंद करून लाइनवरून बाहेर यायची प्रॅक्टिस करून घेतली होती, तेव्हा मला वाटलं हे आपल्याला जमतं, आता वाटतं की तेव्हा हात रिकामे होते.

मी कॅमेरा घरी ठेवणार नाही, खोटं कशाला बोलू. पण पहिले चार दिवस तो रूमवर राहील. नंतर फक्त उन्हाच्या भागात, आणि खारं-गोडं पाणी जिथं मिसळतं तिथं तर नाहीच, तिथं पुढच्याच्या फिननं पाणी ढवळलं की मागच्याला सगळं धूसर दिसतं. कॅमेऱ्यावर स्ट्रोब एकच ठेवतो, आर्म काढून. दुसरा मॉडेलच्या टँकवर. मॉडेल लाइन सोडत नाही असा पाहिजे, असा मला एकच माणूस माहीत आहे. मामा, याल का?

धंतोलीकर :
सुट्टीचा अर्ज सोमवारी टाकतो. त्याआधी शनिवारी सकाळी सहाला पूलवर ये, हाउसिंग घेऊन, तासभर तरंगायचं आहे. आणि मी अंगठा वर केला की डाइव्ह संपली, का म्हणून विचारायचं नाही, फ्रेम कितीही चांगली लागलेली असली तरी. ताई, तू पण ये शनिवारी, काटा कसा वाचायचा ते दाखवतो.