जनरल दकाँ: मॉरिशस गमावलं, पण त्याचा कायदा तिथेच राहिला. कोणी वाचलंय का याच्याबद्दल?

म्हापशेकर:
नमस्कार मंडळी. शार्ल दकाँ या फ्रेंच जनरलबद्दल इथं कोणी नीट वाचलंय का? आपल्याकडे नेपोलियनचा विषय निघाला की वॉटर्लू आणि सेंट हेलेना, फार तर टिपूचा पत्रव्यवहार, त्यापुढे गाडी जात नाही. पण हा माणूस जुलै १८०३ मध्ये पाँडिचेरीसमोर जहाजं घेऊन उभा होता, १८०२ च्या इंग्रज-फ्रेंच तहानुसार शहर ताब्यात घ्यायला आला होता आणि इंग्रज काही द्यायला तयार नव्हते, आणि त्याच पावसाळ्यात इकडे इंग्रज सेनापती वेलस्ली शिंदे-भोसल्यांवर निघाला, सप्टेंबरात असईची लढाई झाली. हे दोन्ही एकत्र धरून सांगणारं मला फारसं काही सापडत नाही. आणि आपल्या गोव्यात तर इंग्रज १७९९ पासून काबो, आग्वादच्या किल्ल्यांत पलटणी ठेवून होते, १८१३ पर्यंत हलले नाहीत, का तर फ्रेंच येतील म्हणून. दोना पावलाला राजभवनाच्या वाटेवर त्यांची दफनभूमी आहे, आपण तिच्यावरून गाडी घेऊन सरळ पुढे जातो. ते ज्यांना घाबरत होते त्यांचा या समुद्रातला म्होरक्या पुढे हाच दकाँ.
पाँडिचेरी मिळेना म्हणून तो ईल द फ्रान्सला, म्हणजे आजच्या मॉरिशसला गेला आणि १८१० च्या डिसेंबरपर्यंत तिथं गव्हर्नर राहिला. सेनापती म्हणून मोठा मानायचा की कारभारी म्हणून, तुमचं मत काय? मला तरी कारभारीच मोठा वाटतो.

किल्लेवेडा_फोंडा:
म्हापशेकरबाब, विषय एकदम आवडीचा काढलात. सेनापती म्हणून त्याला कमी लेखू नका हं. काँ शहराजवळचा जन्म, १७६९ चा, म्हणजे नेपोलियनच्याच वयाचा. क्रांतीनंतर १७९२ मध्ये स्वयंसेवकांच्या पलटणीत शिरला, जर्मनीतल्या माइन्झच्या वेढ्यात जनरल क्लेबेरच्या हाताखाली लढला, मग पश्चिम फ्रान्समधल्या व्हांदेच्या बंडात, आणि ३ डिसेंबर १८०० ला जर्मनीत होहेनलिंडनच्या जंगलात बर्फ पडत असताना फ्रेंच सेनापती मोरोच्या सैन्यानं ऑस्ट्रियाला जे झोडपलं त्यात याच्या डिव्हिजनचा मोठा वाटा होता. आणि गंमत बघा, त्यानंतर बरोब्बर दहा वर्षांनी, ३ डिसेंबर १८१० लाच, त्यानं मॉरिशस इंग्रजांच्या हवाली केलं.
पण त्याआधी ऑगस्टमध्ये मॉरिशसच्याच ग्रां पोर्ट बंदरात लढाई झाली ती वाचाच. इंग्रजांची चार फ्रिगेट, म्हणजे लढाऊ जहाजं, आत शिरली, दोन खडकांवर बसली ती त्यांनीच जाळून टाकली, उरलेली दोन फ्रेंचांनी धरली. फ्रेंचांच्या ताफ्यात मिनेर्व्ह नावाचं जे जहाज होतं ते मूळचं पोर्तुगीज, मिनेर्व्हा, १८०९ मध्ये बंगालच्या उपसागरात पकडलेलं. म्हणजे आपल्या तेव्हाच्या मालकांचं जहाज त्यांच्याच दोस्तांवर तोफा डागत होतं! दोन्ही बाजूंचे कमांडर, फ्रेंचांचा द्युपेरे आणि इंग्रजांचा विलोबी, जखमी झाले आणि दोघांवर तिथल्याच माहेबूर गावातल्या एकाच घरात उपचार झाले, तिथं आता म्युझियम आहे.
एक गोष्ट मात्र मला त्याची पटत नाही, फ्लिंडर्सचं प्रकरण. ऑस्ट्रेलियाला वळसा घालून नकाशे करणारा हा इंग्रज कप्तान डिसेंबर १८०३ मध्ये गळक्या छोट्या जहाजातून मॉरिशसला लागला, त्याला वाटेत कळलंच नव्हतं की लढाई परत सुरू झालीय. पासपोर्ट होता पण दुसऱ्या जहाजाच्या नावाचा. दकाँसमोर टोपी न काढता उभा राहिला, जेवायचं आमंत्रण आलं तर आधी सोडा मग येतो म्हणाला. दोघेही हट्टी. सहा वर्षांहून जास्त अडकवून ठेवलं त्याला, पॅरिसहून सोडायची परवानगी आली तरी सोडलं नाही, कारण बेटावर सैन्य किती कमी आहे ते तो बघून बसला होता. युद्धाच्या हिशेबानं समजू शकतं, पण त्या माणसाचं आयुष्य गेलं हो. प्रवासाचं पुस्तक १८१४ मध्ये छापून आलं आणि दुसऱ्या दिवशी तो वारला.

वकीलबाई_मडगाव:
मी कायद्याच्या बाजूनं लिहिते, कारण दकाँची खरी ओळख मला तिथंच दिसते. बेटावर पाऊल ठेवल्यावर त्यानं क्रांतीच्या काळात निवडून आलेली वसाहतीची सभा मोडली, सगळी सत्ता स्वतःकडे घेतली, आणि मग हुकूम, नियम, अधिसूचना यांचा सपाटा लावला, त्याच संग्रहाला दकाँचा कोड म्हणतात. नेपोलियनचा नागरी कायदा १८०४ चा, तो यानं १८०५ मध्येच बेटावर लागू केला. शरणागतीच्या अटींत त्यानं लिहून घेतलं की रहिवाशांचे कायदे, धर्म, रूढी आणि मालमत्ता तशाच राहतील. हरलेला माणूस आणि अटी बघा! त्याच्या सैनिकांनासुद्धा युद्धकैदी न करता फ्रान्सला परत पाठवलं. इंग्रजांनी पुढे दीडशेहून जास्त वर्षं राज्य केलं, पण नवरा-बायकोची मिळकत, वारसा, नोटरी हे सगळं आजही तिथं फ्रेंच वळणाचंच आहे.
आता हे गोव्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नकोच. पुण्या-मुंबईचा पार्टी इथं जागा घ्यायला येतो, सगळे पेपर विकणाऱ्या नवऱ्याच्या नावावर, सेल डीड तयार, पैसे तयार, आणि सब-रजिस्ट्रारकडे गेल्यावर कळतं की बायकोची सही पाहिजे, कारण लग्नानंतर अर्धा हिस्सा तिचाच. ती माहेरी गेलेली असली तर दस्त तसाच पडून. बाहेरच्याला वाटतं मुद्दाम अडवताहेत. तो १८६७ चा पोर्तुगीज कोड, आणि त्याच्यावर फ्रेंच कोडची छाप चांगलीच आहे. वारसाचा भाग आता आपल्या २०१२ च्या कायद्यात आलाय, पण गाभा तोच, मुलांना पूर्ण डावलून मृत्युपत्र करता येत नाही.
फरक एवढा की मॉरिशसमध्ये हरणाऱ्यानं अट घालून कायदा टिकवला. आपल्याकडे १९ डिसेंबर १९६१ ला शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर वासालो इ सिल्वानं बिनशर्त सही केली, आणि जुने कायदे टिकले ते भारतीय संसदेनं १९६२ मध्ये ठेवले म्हणून.

सावर्डेकर:
ताई, सगळं खरं, पण त्या अटीतली ‘मालमत्ता’ म्हणजे काय ते पण लिहायला पाहिजे होतं. त्यात माणसं होती. पॅरिसनं १७९४ मध्ये गुलामी रद्द केली, ते सांगायला १७९६ मध्ये दोन प्रतिनिधी बेटावर आले तर मळेवाल्यांनी त्यांना हाकलून लावलं. नेपोलियननं १८०२ मध्ये गुलामी परत कायदेशीर केली आणि ती व्यवस्था नीट बसवायला कोण आला, तर हाच, समतेच्या नावानं लढलेला प्रजासत्ताकाचा शिपाई. नागरी कायदा लागू करतानासुद्धा त्यानं वेगळा हुकूम काढून गोरे आणि मुक्त काळे यांच्यात देण्याघेण्याची बंधनं घातली. त्याला कारभारी म्हणून मोठा म्हणायचं तर हा कारभारही त्याच्याच नावावर लिहा.
आणि हे आपल्यापासून लांबचं नाही. मळेवाल्यांच्या जमिनी १८१० च्या कलमांनी शाबूत राहिल्या, १८३५ मध्ये गुलामी संपली, मग उसात राबायला माणसं कुठून आणायची? हिंदुस्थानातून, करारावर. त्यात कोकणातले आपले मराठी लोकही गेले, त्यांची पोरंबाळं आज तिथं मराठी शिकतात, चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. त्या घरांतसुद्धा आज वाटण्या होतात त्या दकाँनं नेलेल्या कायद्याच्या वळणानंच.

म्हापशेकर:
सावर्डेकर, तुमचा मुद्दा मान्य आणि तो या धाग्यात हवाच होता. तरी मी त्याला कारभारीच म्हणेन, कारण चांगलं-वाईट दोन्ही त्यानं कागदावर पक्कं केलं आणि म्हणून ते टिकलं. पॅरिसकडे सारखं सैन्य मागत राहिला, हिंदुस्थानावर उतरायचे बेत पाठवत राहिला, पुरेशी मदत आलीच नाही, त्यातलं काही उरलं नाही. वसाहतीची शाळा काढली, माहेबूर वसवलं, ते उरलं.
त्याच्या लिखाणाबद्दल कोणाला काही माहितीय का?

किल्लेवेडा_फोंडा:
हो, लिहायची सवय जबरदस्त होती. मोहिमांच्या रोजनिश्या, आठवणी, पत्रांच्या नकला, हुकूम, सगळं जपलेलं, त्याच्या कागदांचे शंभरावर खंड काँच्या ग्रंथालयात गेले. आठवणी छापल्या गेल्या त्या थेट १९१०-११ मध्ये, तो गेला १८३२ मध्ये, कॉलऱ्यानं. मॉरिशसहून परतल्यावर स्पेनमधल्या कॅटलोनियात लढला, १८१५ ला परत नेपोलियनच्या बाजूनं गेला म्हणून तुरुंगातही पडला, त्यानंतर मोठं पद मिळालं नाही. मला वाटतं तुम्ही आठवणींपेक्षा आधी प्रँतू या फ्रेंच इतिहासकारानं १९०१ मध्ये त्याच कागदांवरून लिहिलेला मॉरिशसच्या कारभाराचा इतिहास बघा, गव्हर्नर म्हणून हा माणूस त्यात जास्त दिसतो. फ्रेंचमध्ये आहे, पण पोर्तुगीज येणारं कोणी घरात असेल तर निम्मं तरी लागेल.

वकीलबाई_मडगाव:
प्रँतूचं मी शोधते, मिळालं तर शरणागतीची कलमं मराठीत करून इथंच टाकते. सावर्डेकर, मालमत्तेच्या कलमाखाली तुमचा मुद्दा टीप म्हणून घालेन, तेव्हा जरा सविस्तर लिहून ठेवा.