मदत हवी आहे : लेकीच्या वादविवादासाठी मुद्दे सुचवा

मंडळी, मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो. थोरल्या लेकीला कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत विषय आलाय, ‘बाई सुपरहिरो असली की सिनेमा चालत नाही’. तिला विरोधात बोलायचंय.

आमच्याकडचा दारूगोळा असा. २०१७ चा ‘वंडर वूमन’ जगभरात ८० कोटी डॉलरच्या वर गेला, २०१९ चा ‘कॅप्टन मार्व्हल’ ११० कोटींच्या वर. पण समोरचा गडी २०२३ च्या ‘द मार्व्हल्स’वर बोट ठेवणारच. नायिका तीच, आणि गाडी २० कोटींच्या आसपास अडकली! वर तो असंही म्हणेल की ‘कॅप्टन मार्व्हल’ हा ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ या मार्व्हलच्याच, सगळ्यांनी वाट पाहिलेल्या सिनेमाच्या जेमतेम दीड महिना आधी आला, त्या हवेवरच चालला. इथं आमची बोलती बंद होते. माझं म्हणणं, २०२३ मध्येच ‘द फ्लॅश’ही आपटला, तेव्हा ‘पुरुषांचे सिनेमे चालत नाहीत’ असं कोण बोललं? लेक म्हणते, “बाबा, हा टोमणा झाला, मुद्दा नाही.” खरंय तिचं.

२००४ चा ‘कॅटवूमन’ मी केबलवर सोसलाय. तो पडला यात बाईपणाचा काय दोष, गोष्टच पांचट!

आपल्याकडचं उदाहरण म्हणून २०२५ चा मल्याळम ‘लोका’ घेतलाय, कल्याणी प्रियदर्शनचा. जगभरात ३०० कोटी रुपयांच्या वर कमाई. यक्षिणीची लोककथा असल्यामुळे घरच्या बायाबापड्याही गेल्या असतील का? कुणी थिएटरात पाहिला असेल तर गर्दी कोणाची होती, एवढं तरी सांगा. आणि त्या ‘एंडगेम’वाल्या मुद्द्याला उत्तर काय द्यावं? स्पर्धा शनिवारी आहे.