मदत हवी आहे: 'न्यू मून' पुढे वाचू का?

नमस्कार मंडळी. ठाण्यात राहते, लेक नववीत. तिच्या नादाने स्टेफनी मायरची व्हॅम्पायर-प्रेमकथा 'ट्वायलाइट' वाचली आणि चक्क आवडली. आता तिच्या पुढच्या भागात, २००६ च्या 'न्यू मून'मध्ये अडकलेय. नायक एडवर्ड नायिका बेलाला सोडून जातो, मग ऑक्टोबर ते जानेवारी पानांवर फक्त महिन्याचं नाव! ही युक्ती भारीच. पण नंतरचं बेलाचं ते झुरणं... धोक्यात असताना एडवर्डचा आवाज ऐकू येतो म्हणून मोटरसायकलवर जीव धोक्यात घालायचा? लेक म्हणते, "आई, बेलाच्या त्या मित्रासाठी, जेकबसाठी वाच ना." तलावपाळीला फेऱ्या मारताना आमचं यावरूनच वाजतं.

पुढे कथा पकड घेते का? आणि या वयाच्या मुलीशी त्या झुरण्याबद्दल तुम्ही काय बोललात? शेवट मात्र फोडू नका, प्लीज.