डोराची कथा वगळली, तर ‘टाइम इनफ फॉर लव्ह’मध्ये काय उरते?

सायंतारा (मूळ मत):
रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचा नायक लाझारस लाँग दोन हजारांहून अधिक वर्षे जगला आहे आणि आता त्याला मरण हवे आहे. वंशज त्याला मरू देत नाहीत. त्याने आठवणी सांगाव्यात आणि त्यांनी त्या ऐकाव्यात, या बोलीवर तो दिवस ढकलतो. त्या आठवणींत डोराची कथा तेवढी अस्सल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जळत्या घरातून वाचलेली ही पोर त्याच्या डोळ्यांदेखत मोठी होते, त्याच्याशी लग्न करते, खेचरांच्या गाड्यांतून डोंगर ओलांडून निर्जन खोऱ्यात त्याच्यासह संसार थाटते आणि सामान्य माणसाच्या वाट्याला येते तेवढेच आयुष्य जगून जाते. त्याच्या लेखी हा संसार चार दिवसांचा, तरीही शतके उलटली तरी तो तिला विसरत नाही. बाकीचे बहुतेक पुस्तक म्हणजे गप्पांचे गुऱ्हाळ आहे. संपादकाने तिथे निर्दयपणे कात्री चालवायला हवी होती.

विक्षिप्तग्रह:
मी सहमत नाही. डोरा वेगळी काढली, तर हाती फक्त एक हळवी दीर्घकथा लागेल. शिवाय या दीर्घायुष्याचे मूळ पाहा: ज्यांचे आजी-आजोबा पुष्कळ जगले, अशांनी एकमेकांशी लग्न करावे म्हणून हॉवर्ड प्रतिष्ठानाने पैसे दिले, आणि पिढ्यानपिढ्यांच्या त्या व्यवहारातून ही कुटुंबे घडली. डोरा त्या वंशावळीबाहेरची आहे. लाझारस तिच्याशी लग्न करतो तेव्हा तो काय पत्करतो, हे कळायला तुम्ही कापू पाहता तीच पाने लागतात. जुळी म्हणून वाढलेल्या दोघांनी मूल होऊ द्यावे की नाही, हे ठरवताना तो पत्ते मांडून गुणसूत्रांची वाटणी समजावतो. त्यालाही गुऱ्हाळ म्हणायचे का?

अनुराधा_नक्षत्र:
पत्त्यांचा प्रसंग उत्तम आहे, पण माझा आक्षेप लांबीवर नाहीच. मिनर्व्हा हा संगणक प्रेमापोटी मानवी देह स्वीकारतो, इथवर कल्पना मोहक आहे. पुढे मात्र लाझारसला ठामपणे नकार देणारी एकही स्त्री मला आढळली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात परत जाऊन तो स्वतःच्या आईच्या प्रेमात पडतो, तेव्हा तीही त्याच वाटेने जाते. इतक्या वर्षांच्या अनुभवातून माणसाने हेच मिळवले असेल, तर हे प्रेम नसून आत्मपूजा आहे.

विक्षिप्तग्रह:
तो भाग मलाही खटकतो, पण अपघात म्हणून नव्हे. अनुवंशाचा धोका नसेल, तर निषेध कशाचा, हा प्रश्न पत्त्यांपासूनच सुरू झालेला असतो आणि लेखक तो अंगलट येईपर्यंत ताणतो. पुचाट शेवटापेक्षा मला हे बरे वाटते.

सायंतारा:
ताणायला हरकत नाही, मात्र समोरच्या पात्राला स्वतःचे मन हवे. डोराला ते आहे: तो निघून जाणार हे उमगताच ती स्वतः पुढाकार घेते, आणि आपल्यामागे तो उरणार हे पुरते जाणून घेते. आई मॉरीनच्या बाबतीत मला फक्त त्याचीच इच्छा दिसते. त्यामुळे कात्रीचा आग्रह मी सोडणार नाही. पत्ते तेवढे राहू द्या.