मदत हवी आहे: दमा असलेल्या मुलासाठी इमारतीतील झुरळांचा बंदोबस्त कसा करावा?

आम्ही कर्वेनगरमधील एका जुन्या इमारतीत राहतो. माझ्या सात वर्षांच्या मुलाला दमा आहे आणि चाचणीत त्याला झुरळांची व धुळीतील माइट्सची (डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म किड्यांची) ॲलर्जी असल्याचे दिसून आले आहे. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित चालू आहेत. माझा प्रश्न घराविषयी आहे.

माइट्ससाठी गादी-उशांना घट्ट विणीच्या चेन असलेल्या खोळी घातल्या आहेत आणि चादरी दर आठवड्याला ५५ ते ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुतो. खरी अडचण झुरळांची आहे. त्यांची विष्ठा, लाळ आणि टाकलेली कात यांतील प्रथिनांमुळे ॲलर्जी होत असल्याने झुरळे मेल्यानंतरही तिचे कारण घरात कित्येक महिने टिकून राहते. परवा ओट्याखालच्या ट्रॉल्या पूर्ण बाहेर काढल्या, तेव्हा बिजागऱ्यांच्या मागे आणि रुळांच्या खाचांत मिरपुडीसारखे काळे कण थरच्या थर साचलेले होते. कोरडे झाडल्यास ते हवेत उडतात, म्हणून मुलाला आजीकडे पाठवून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने सगळे पुसून घेतले.

आता सोसायटीने सर्व घरांत फवारणी करण्याचे ठरवले आहे. फवाऱ्याच्या उग्र वासानेही दम्याचा झटका येऊ शकतो, हे मला समितीला पटवून द्यायचे आहे. त्याऐवजी झुरळांसाठीच्या विषारी आमिषाच्या जेलचे बारीक ठिपके बिजागऱ्या, सिंकखालची जागा आणि फ्रिजच्या मोटारीजवळ लावले, तर झुरळे ते खाऊन आपल्या लपण्याच्या जागी परततात आणि त्यांच्या विष्ठेतून व मृत शरीरांतून विष इतरांपर्यंत पोहोचते. मात्र त्याच जागी फवारणी झाल्यास झुरळे जेलकडे फिरकत नाहीत; शिवाय ती इतर घरांतूनही येत राहतात, त्यामुळे आमच्या एकट्याच्या घरात जेल लावून भागणार नाही.

ज्यांनी संपूर्ण इमारतीत जेलचा वापर केला आहे, त्यांनी सभासदांना कसे तयार केले? न्हाणीघरांना जोडणाऱ्या डक्टमधून झुरळे मजल्यामजल्यांवर फिरतात. तेथील पाइपांभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात की सिलिकॉनने, आणि मोरीच्या जाळीखाली नेमके काय बसवावे? शिवाय पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, तेव्हा घरातील दमटपणा ५० टक्क्यांच्या खाली ठेवणे पुण्यात कोणाला जमले आहे का, आणि कशाने?

येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे. त्याआधी कोणी स्वतःचा अनुभव सांगितला, तर तो मला तेथे मांडता येईल.